सत्तर टक्के चूक वेलीची

आमच्या ह्यांनी जन्मभर ठोकलेल्या गाड्या तपासल्या. विमा कंपनीचे सर्व्हेअर होते. चेपलेल्या दाराकडे एकदा बघायचं आणि चूक गाडीवाल्याचीच आहे हे सांगून मोकळं व्हायचं, यात ह्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गाडी घरासमोर नुसती उभी असली तरी ती तिथे उभी का होती, हा प्रश्न उरतोच ना! निवृत्तीनंतर गाड्या मिळेनात, म्हणून हे परसातल्या द्राक्षवेलीकडे वळले.

वेल माझ्या नणंदेची. सासर कायमचं सोडून वन्सं आमच्याकडे आल्या, तेव्हा एक पिशवी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली या वेलीची काडी, एवढंच त्यांच्यासोबत होतं. ह्यांनी तेव्हाही जागेवर न जाता सर्व्हे उरकला होता. "ताई, सत्तर टक्के चूक तुझी." वन्संनी काडी लावली, जगवली, आणि वर्षांमागून वर्षं गेली तशी तिची मांडवभर वेल झाली.

तर या वेलीला यंदा भलतीच पानं फुटली. खालची जुनी पानं ठणठणीत, पण शेंड्याकडची नवी अरुंद, अर्धवट मिटलेल्या पंख्यासारखी. शिरा एकमेकींना चिकटलेल्या आणि कडांना करवतीसारखे दाते.

ह्यांनी भिंग काढलं, कॅमेरा काढला. आधी दोष माझा, कारण मी म्हणे भांड्यांचं साबणपाणी मुळाशी ओतते. मग शेजारच्या शिंप्याचा, कारण त्याच्या भिंतीची सावली पडते. भिंत आमच्या लग्नाआधीपासून तिथेच आहे, पण पुराव्यापुढे मान तुकवतील ते हे कसले! शेवटी सगळं वेलीवरच शेकलं. "विषाणू आहे. मुळातच खराब. काढून टाकावी लागेल," असा निकाल देऊन हे करवत घेऊन आले.

वन्सं मांडवाचा खांब धरून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बघून मला भडभडून आलं आणि ह्यांचा रागही आला.

"अहो, कुंडीतल्या टोमॅटोलाही अशीच पानं आलीत. त्यालाही तुमचा विषाणू झाला का?"

हे थबकले. "दोन गाड्या, धडक एकच," असं पुटपुटत जुन्या सवयीने धडक कुठून आली ते शोधायला लागले. टोमॅटोला आणि वेलीला दोघांनाही काय मिळालं होतं? टॉनिक. कोणी फवारलं? साहेबांनी स्वतः. कशाने? हे तरातरा पंपापाशी गेले, झाकण उघडून वास घेतला, आणि पुन्हा एकदा घेतला. फाटकापुढचं गवत मारायला तणनाशक याच पंपातून गेलं होतं, आणि मग त्यातच टॉनिक भरलं होतं.

"पंप मी विसळला होता," हे म्हणाले.

"हो तर! एकदा," मी म्हणाले.

पंप बनवणाऱ्याचीही थोडी चूक निघते का, ते हे क्षणभर चाचपत होते. माझा नवरा आहे, मला कळतं. मग त्यांनी वन्संकडे पाहिलं आणि करवत खाली ठेवली.

"ताई, चूक माझी. सगळी. वेल निरोगी आहे गं. यंदा द्राक्षं खायची नाहीत, पण पुढच्या हंगामात ती नीट फुटेल."

इतक्या वर्षांच्या संसारात 'चूक' आणि 'माझी' हे शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच शेजारी शेजारी ऐकत होते.

वन्संनी खांब सोडला. "वेलीचा सर्व्हे बदललास, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "माझा सत्तर टक्क्यांचा अजून तसाच आहे."

ह्यांनी पायाशी ठेवलेली करवत पायानेच बाजूला सारली.

"तिथे मी गेलोच नव्हतो, ताई."

वन्संनी मांडवाखालची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बस. आता सांगते."