नर्सबाईंचा पाहुणा

नर्सबाईंना एका जागी बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. त्या जेवायच्यासुद्धा उभ्यानं. खिडकीच्या फळीवर ताट ठेवायचं, दोन घास घ्यायचे, मध्येच चुलीवरचं पाणी पाहून यायचं, पुन्हा दोन घास. घरात एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर धुतलेले कपडे बसत. "बसल्या जाग्यावर मानूस गंजते वो मास्तरीन," असं त्या म्हणायच्या आणि म्हणता म्हणता फाटकाबाहेर गेलेल्या असायच्या. उरलेलं वाक्य ऐकायचं तर मागून पळावं लागे.

आंधळगावच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा आणीबाणी उठून थोडाच काळ झाला होता. एकट्या बाईला खोली मिळणं कठीण. नर्सबाईंच्या घराला लागून एक खोली रिकामी होती, अंगण एक, विहीर एक. इतकी चांगली खोली रिकामी कशी राहिली, हे सामान लावून झाल्यावर कळलं.

"तुले सापाचा भेव वाटते का?" नर्सबाईंनी दारातूनच विचारलं.

"वाटतो ना."

"मंग माह्या खोलीत येऊ नको. नाही तं असं कर, आताच ये. एक डाव पायलं का भेव सरते."

औषधांची मोठी लाकडी पेटी, वर तारेची जाळी, आत नदीची रेती. त्यांनी रेतीत हात घातला आणि मनगटाएवढा जाड, तपकिरी, गुळगुळीत साप वर काढला. शेपटीचं टोक तोंडासारखंच बोथट. दुतोंड्या. ज्याला बाकीचा मुलूख मांडूळ म्हणतो. तो त्यांच्या हाताला सावकाश वेढा घालत होता. इतका सावकाश, की त्या घरात एवढं सावकाश काही घडू शकतं याचंच मला नवल वाटलं.

त्याचं नाव पाहुणा. दर उन्हाळ्यात त्या म्हणायच्या, "यंदा पावन्याले सोडून देईन." उन्हाळा जायचा, पाहुणा राहायचा. तो आला कुठून, असं विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर. कधी बाजारातून आणला, कधी माहेरच्यांनी आंदण दिला. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे आंदणाची गोष्ट सांगताना त्या स्वतःच जास्त हसत.

गावाला हा पाहुणा पसंत नव्हता. दुतोंड्या चाटला की अंगावर कोड उठतं, असं सगळे मानत. पण बाळंतपण आलं की नर्सबाईंशिवाय चालत नसे. एकदा एका म्हातारीनं त्यांना सुनेच्या खोलीच्या दारातच अडवलं. आत सून कण्हत होती आणि म्हातारी म्हणत होती, "सापाले लावलेले हात आमच्या पोरीले लावू नको."

"हात धुतले, साबन लावला, आनखी धुतले," नर्सबाई म्हणाल्या. "तुह्या सुनेले साप नाही दिसून राहिला, माय. तू दिसून राहिली. बाजूले हो." नातू झाल्यावर हीच म्हातारी गावभर सांगत फिरली, की बाईच्या हाताला गुण आहे.

धानाच्या गिरणीवर लावलेल्या पिंजऱ्यात उंदीर सापडला की कोणीतरी आणून द्यायचं. पाहुणा उंदराला विळखा घालायचा, मग अगदी निवांत गिळायचा. तेवढा वेळ नर्सबाई पेटीशी उभ्या राहत. बांगडीसुद्धा वाजू देत नसत.

पाहुणा म्हातारा झाला हे सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळलं, आणि त्यांनीच ते मानलं नाही. त्याची कात एकसंध निघेना, तुकडे अंगाला चिकटून राहू लागले. त्या कोमट पाण्यात फडकं भिजवून ते तुकडे हळूहळू सोडवत. मग त्यानं खाणं टाकलं. पुढ्यात ठेवलेल्या उंदराकडे तो तोंड फिरवी. त्या उंदीर बदलत, पेटीची जागा बदलत, रेती बदलत. एके दिवशी कापडी पिशवीत घालून त्याला बसनं मोहाडीला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मी सोबत होते. शेजारी बसलेल्या माणसाला पिशवीत काय आहे हे कळलं असतं तर बस तिथंच रिकामी झाली असती.

डॉक्टर भला माणूस होता. "बाई, मी गाई-बैलांचा डॉक्टर," तो म्हणाला. "पण ह्याचं वय झालं, एवढं मलाही दिसतं. उबेत ठेवा. फार हलवाहलव करून त्रास देऊ नका."

"त्रास कोन देऊन राहिलं त्याले!" नर्सबाई कडाडल्या आणि पिशवी छातीशी धरून बाहेर पडल्या. परतीच्या बसमध्ये जागा असूनही त्या दांडीला धरून उभ्या होत्या.

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत पाहुणा गेला. त्या सकाळीच शेजारच्या खेड्यात बाळंतपणाला गेल्या होत्या. दुपारी शाळा सुटल्यावर त्यांनी मागंच सांगून ठेवल्याप्रमाणे मी पेटीत डोकावले. तो गोधडीच्या तुकड्यावर सरळ पडला होता. बोट लावून पाहिलं, हलला नाही. मग मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, काही सुचेना.

उन्हं कलल्यावर त्या आल्या.

"बाई, पाहुणा..."

"मालूम आहे मले. सकाळीच उचलला तं आंग ढिलं लागलं, हाताले वेढाही नाही घातला."

"मग तुम्ही गेलात कशाला?"

"तिकडं पोरीले कळा सुटल्या होत्या. इकडं माह्या हातात काय राह्यलं होतं?" त्या बादली घेऊन विहिरीकडे निघाल्या. "पोरगी झाली. चांगली रडली."

घरामागच्या शेताचा मालक देवाजी कुंपणापलीकडून हे ऐकत होता. सापाला जाळावं लागतं, असं तो म्हणाला. "जाळते ते नागाले. हा बिचारा रेतीतला मानूस, त्याले मातीच पाह्यजे," नर्सबाई म्हणाल्या. देवाजीनं कुदळ आणली आणि स्वतःच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, खड्डा खणून दिला.

नर्सबाई रडल्या नाहीत. त्याऐवजी त्यांनी सगळं घर सारवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवलं. भिंतींना चुना दिला, विहिरीचा दोर बदलला. मग घर पुरेना म्हणून गावात फिरू लागल्या. कालच वजन केलेली बाळं आज पुन्हा ताजव्यात घालत. बाया एकमेकींना म्हणायच्या, "नर्सबाई कालच तं येऊन गेली!" रेतीची रिकामी पेटी मात्र जिथल्या तिथं होती. रोज सकाळी त्या जाळी उचलत, रेती सारखी करत, जाळी लावत. भिंतीपलीकडून तो तारेचा आवाज ऐकला की माझ्या हातातलं काम थांबायचं. मीही त्या दिवसांत कुठल्या कामात धड नव्हते.

शेवटी मी त्यांची वाट अडवली. "बाई, एकदा रडून घ्या."

"कोनाजवळ रडू?" त्या म्हणाल्या. "मानूस मेला तं लोक येते, बसते, भाकर आनते. साप मेला मनून रडली तं हासतील. आनि खरं सांगू का, मी नुसती सापासाठी नाही तळमळून राह्यली." फाटक उघडत त्या म्हणाल्या, "येतवारी माह्यासंगं चाल. बपेऱ्याकडं जाऊ."

पाहुणा कसा आला, ते त्यांनी तुमसरच्या पुढे, धुळीनं भरलेल्या बसमध्ये सांगितलं. त्यांची पहिलीच नेमणूक बपेऱ्याच्या बाजूला होती. सगुणा नावाच्या पहिलटकरणीचं बाळंतपण अडलं. बाळ मेलेलंच जन्माला आलं. त्याच वेळी घरामागं तनसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात हा दुतोंड्या निघाला. ह्यानंच लेकरू खाल्लं, म्हणत घरचे काठ्या घेऊन धावले. "एक जीव माह्या हातून निसटला होता," नर्सबाई म्हणाल्या. "दुसरा डोऱ्यासमोर मारू देऊ का? पदरात घेतला नं निंगाली. मंग त्या घरी कधी पाय नाही ठेवला. पाय उचललाच नाही."

"आणि आता?"

"पावना होता तवरी वाटे, त्या दिवसातलं काहीतरी आपल्यापाशी जित्तं आहे. आता काहीच नाही राह्यलं."

सगुणाबाई छपरीत धान पाखडत होत्या. केस पिकू लागलेले, घरात कर्ते मुलगे. नर्सबाईंना त्यांनी लगेच ओळखलं. हातातलं सूप खाली ठेवलं. पाणी नाही, चहा नाही, ख्यालीखुशाली नाही. त्यांनी एकदम विचारलं, "बाई, तुमी पायलं होतं ना त्याले? मले कोनी दाखवलाच नाही. कोनासारखा होता?"

नर्सबाई त्यांच्यापुढे जमिनीवर बसल्या. "केस लय होते," त्या म्हणाल्या. "काळेभोर, मानेवरी आलेले. कपाळ तुह्यासारखं, मोठं. हनुवटीले खळी होती. मी आंग पुसलं त्याचं, मंग कापडात गुंडाळला."

"खळी?" सगुणाबाईंनी स्वतःच्या हनुवटीला हात लावला. "त्याच्या बापाले होती." आणि त्या रडू लागल्या. इतक्या वर्षांनी, चार मुलांची आई झाल्यावर. "लोक मने, दुसरं होईल. झाले ना, झाले. पन त्याचं कोनी इचारलंच नाही मले."

मग नर्सबाईंनी पाहुण्याचं सांगितलं. सगुणाबाई हसल्या नाहीत. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "शेवटी शेवटी काही खात होता का?" तेव्हा कुठे नर्सबाईंचा बांध फुटला. दोघी एकमेकींचे हात धरून रडत होत्या. मी अंगणात जाऊन उभी राहिले. घरातला मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहत होता.

परत आल्यावर त्यांनी पेटीतली रेती देवाजीच्या धुऱ्यावर नेऊन ओतली. धावपळ काही कमी झाली नाही, ती त्यांच्या अंगातच होती. पण त्यानंतर त्यांच्या फेरीत नवी घरं आली. जिथं लेकरू झालं पण राहिलं नाही, अशी घरं. तिथं वजन करायला कोणी नसायचं, तरी त्या जात.

लग्नानंतर मी भंडाऱ्याला गेले. पहिल्या खेपेला नर्सबाई जवळ हव्यात असं मी आधीच कळवून ठेवलं होतं. दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. निरोप मिळताच त्या मिळेल त्या गाडीनं निघाल्या, पण पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मुलगी होती. रडली नाही. सासूबाई, आई, सगळ्यांनी मायेनंच ठरवलं होतं की हिला दाखवू नका, पाहिलं तर विसरायला जड जाईल. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. दारात ओळखीची चप्पल वाजली.

"दाखवलं का तिले?" त्यांनी विचारलं.

"कशाला उगाच..." आई म्हणाली.

"आना इकडं."

आई बाजूला झाली. त्यांनी कापडात गुंडाळलेली माझी मुलगी आणून माझ्या कुशीत ठेवली, तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि म्हणाल्या, "पाह्य बाई, निवांत पाह्य. कोनाची घाई नाही."

मी पाहिलं. कान माझ्या वडिलांसारखे होते.