देवशीभाईंचं नाक आणि भिंतीवरच्या डब्या

देवशीभाई फोफंडींचं नाक वेरावळ बंदरात नावाजलेलं होतं. बोट धक्क्याला लागली, की खरेदीदार त्यांना रिक्षा पाठवून बोलवायचे. देवशीभाई टोपलीवर वाकायचे, डोळे मिटून हुंगायचे आणि सांगायचे, "वरची पापलेटं आजची, खालची परवाची." चुकायचे नाहीत.

आमच्या मासळी गोठवायच्या कारखान्यात ते कॉम्प्रेसर चालवायचे. मी तिथंच माकूळ मासळी निवडणाऱ्या बायकांची मुकादम. आमचा हॉल कॉम्प्रेसरच्या खोलीला खेटून होता आणि त्या खोलीतल्या नळ्यांमधून अमोनिया खेळायचा. तो झिरपला तर देवशीभाईंना आधी कळेल, असं धरून आम्ही निवांत होतो.

भिंतीवर वायू ओळखणाऱ्या तीन डब्याही होत्या. त्यांतल्या एकीवर देवशीभाई आपला रुमाल वाळत घालायचे. "हिला बघायला राजकोटचा माणूस सहा महिन्यांनी येतो, स्टिकर चिकटवतो, चहा पितो आणि जातो," ते म्हणायचे. "माझं नाक रोज कामावर असतं."

उर्वी मांकड ही जामनगरची मुलगी सुरक्षेचं बघायला आली आणि तिनं आधी तो रुमाल काढायला लावला.

"आठवड्यातून एकदा या डब्यांना थोडासा वायू पाजून बघायचा," ती म्हणाली. "ओरडल्या तर जिवंत. आणि दाखवतात तो आकडा खरा आहे का, ते दर तीन महिन्यांनी जुळवून घ्यायचं."

"पुस्तकात तर सहा महिने लिहिलंय."

"पुस्तक लिहिणारा वेरावळच्या खाऱ्या हवेत राहत नाही, देवशीभाई."

"पण हिरवा दिवा लागलाय ना, बेन?"

"दिवा म्हणजे वीज येतेय. वास येतोय असं नाही."

देवशीभाईंना ते लागलं. "मग होऊन जाऊ दे. हिचं नाक आणि माझं नाक. हरेल त्यानं अख्ख्या हॉलला गाठिया खिलवायच्या."

दुपारच्या सुट्टीत अंगणात सगळे जमले. उर्वीनं पाच झाकणाचे डबे आणले. एकात रॉकेलचा बोळा, एकात फिनेल, एकात व्हिनेगर, एकात साफसफाईचं पातळ अमोनियाचं पाणी, एकात साधं पाणी. देवशीभाईंच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली.

पहिला डबा त्यांनी ऐटीत हुंगला. "पाणी."

ते रॉकेल होतं. मला तिसऱ्या रांगेत वास येत होता.

दुसरा डबा. "पाणी." तिसराही पाणी. मग मान वर करून ते म्हणाले, "बेन, मस्करी करता काय? सगळ्यांत पाणीच भरलंय."

कुणी हसलं नाही. मीच जाऊन ओढणी सोडली.

उर्वीलाही कसंनुसं झालं असावं. ती तपासणीच्या वायूचं सिलिंडर घेऊन आत भिंतीवरच्या डब्यांकडे वळली. पहिल्या डबीच्या तोंडाला कप लावला, ती लगेच केकाटली. दुसरी बऱ्याच वेळानं, आळस देऊन उठल्यासारखी. रुमालवाली ओरडलीच नाही. हिरवा दिवा तसाच, स्टिकरवरची मुदत दिवाळीपर्यंतची.

"हिच्या कागदावर मी सही केली होती," उर्वी हळूच म्हणाली. "आल्या आल्या, स्टिकर बघूनच."

"म्हणजे दोघांनी अर्ध्या अर्ध्या गाठिया द्या," आमच्यातली रुडीबेन म्हणाली, तेव्हा कुठं सगळे हसले.

संध्याकाळी मी देवशीभाईंच्या घरी गेले. आमची गल्ली एकच. जिवतीबेन, म्हणजे त्यांची बायको, रोटले थापत होती.

"मला दोन पावसाळे झाले माहीत आहे," ती म्हणाली. "डाळ करपून कोळसा झाली, हे चुलीशेजारी बसून मला म्हणतात, जेवायला किती वेळ?"

"मग बोलली का नाहीस?" देवशीभाईंनी विचारलं.

"सगळं बंदर तुमच्या नाकाची आरती करतं. मी एकटीनं काय सांगायचं?"

"पण मासळी ओळखायचात ती कशी?" मी म्हटलं.

"कल्ल्यांचा रंग बघायचो, मग विकणाऱ्याचं तोंड. डोळे नंतर मिटायचो, आणि नाकानंच ओळखलं असं मलाही वाटायचं." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "अमोनिया झिरपला की डोळे चुरचुरायचे. काम डोळ्यांनी केलं, मान नाकानं मिरवला."

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत, तिसऱ्याही. शेवटी उर्वी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. "मला नाकवाला नकोय," ती म्हणाली. "आपल्याला वास येत नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो डब्या तपासायला कधी विसरणार नाही. तोच हवाय."

आणि खरंच, देवशीभाई विसरले नाहीत. दर सोमवारी ते डब्यांना वायू पाजायचे, म्हशीशी बोलावं तसं त्यांच्याशी बोलत. खिशातलं वायू ओळखणारं छोटं यंत्र तर रोज पाळीच्या आधी ओरडायला लावूनच खोलीत शिरायचे. मेलेल्या डबीच्या जागी नवी आली.

नारळी पुनव झाली, बोटी दर्यात गेल्या, हॉल माकुळांनी भरला. अशाच एका सकाळी तिन्ही डब्या एकदम केकाटल्या.

"मला काही वास येत नाहीये," रुडीबेन हातातलं माकूळ न सोडता म्हणाली.

"मलाही येत नाहीये," देवशीभाई म्हणाले, "आणि माझं ऐकून तू कधी बसू नकोस. ऊठ."

त्यांनी आम्हाला वारा येत होता त्या अंगाला, मिठाच्या गोदामापाशी नेऊन उभं केलं. तिथं पोचेपर्यंत मागच्या बायकांचे डोळे झोंबायला लागले होते. एका झडपेचं सील गेलं होतं. तोंडाला मुखवटे लावलेल्या माणसांनी ती झडप बंद केली. कुणाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी देवशीभाई शेठकडे गेले. "राजकोटच्या माणसाला बोलवा. डब्या पुन्हा जुळवून घ्यायच्यात."

"आता महिन्यापूर्वीच केल्या ना?"

"काल पोटभर वायू प्यायल्यात त्या, शेठ. लग्नाच्या पंगतीतून उठल्यावर तुमच्यापुढे फरसाण ठेवलं, तर चव सांगाल?"

शेठ हसले आणि फोन लावला. एक डबी खरंच मंदावलेली निघाली.

जुनागढच्या डॉक्टरांनी देवशीभाईंच्या नाकातलं वाढलेलं मांस काढलं. थोडा वास परत येईल म्हणाले, भरवसा दिला नाही. तेव्हापासून जिवतीबेन दर रविवारी त्यांचे डोळे बांधून मुठीत काहीतरी धरते. गेल्या रविवारी त्यांनी हिंग बरोबर ओळखला आणि गल्लीभर सांगत सुटले.

जिवतीबेन दारातून म्हणाली, "एकदा जमलं म्हणून सुटका नाही. पुढच्या रविवारी परत बसायचं."