तोंड भिंतीकडं

माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा उजवा पाय गेला, उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. आम्ही त्यांना मामा म्हणतो. गावोगावच्या जत्रांत कुस्तीच्या मैदानावर माईक धरून बोलायचं, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. कुणी डाव टाकला, कोण घाबरलं, कोण नुसतंच अंगाला माती फासून फिरतंय, हे मामा सांगणार आणि मैदान हसणार. स्वतः त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाही लंगोट लावलेला नाही.

डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिनेच काय ते खरे, व्यायाम कराल तेवढा पाय परत मिळेल. मी तेव्हा कागलच्या एमआयडीसीत सुट्या भागांची मापं तपासायचे. नव्या मशीनवर नुकताच हात बसला होता. चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा मला माझं स्वतःचं असं काहीतरी येत होतं. ते सोडून बिनपगारी रजा टाकली, कारण नवरा म्हणाला, "बापाला संडासला मी न्यायचं आणि तू नोकरी करायची? लोक काय म्हणतील?" लोक! आमच्या घरात माणसांपेक्षा लोकांनाच जास्त जागा. साहेबांनी दिवाळीपर्यंत जागा राखतो म्हणून सांगितलं. म्हणजे तोवर मामा आपल्या पायानं संडासापर्यंत गेले तर मी कामावर, नाहीतर कायमची चुलीपुढं.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती म्हणायची, "आजोबा, टाच उचला." मामा मला विचारायचे, "हिचं लगीन झालंय का गं?" ती गेली की लगेच खुर्ची गॅलरीत हवी. आमची गॅलरी पहिल्या मजल्यावर, खाली गल्ली. समोर एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका राहतात. त्यांनाही मामांच्या आधी थोडे दिवस झटका आलेला. ते सकाळ-संध्याकाळ काठी टेकत, एक पाय ओढत गल्लीत चालायचे. मामांना आयतंच मैदान मिळालं.

"पैलवान आखाड्यात उतरल्यात! डावा पाय मागं ऱ्हायलाय! आरारारा, पैलवान एकलंगी डावात घावलं, आणि पकड कुणाची? सोताच्याच काठीची!"

गल्ली खो खो हसायची. पहिल्या दिवसांत शब्द तोंडात चिकटायचे, मग हळूहळू सुटे झाले. नवऱ्यानं व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, "बाबांची वाचा परत आली" म्हणून पेढे वाटले. दिवसभर जीभच चालवली म्हणून जीभ चालली, हे त्या पेढे खाणाऱ्यांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाय होता तस्साच ओंडका. आणि त्या ओंडक्याला धरून संडासला नेणारी मी.

एकदा वाण्याच्या दुकानापाशी काका भेटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "काका, मामांच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका."

"ऐकू येतंय की मला," ते म्हणाले. "पर मान वर करून बघाय गेलो तर तोल जातो. पडायचं कुणी?" आणि ते काठी टेकत पुढं गेले.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी काका कोपऱ्यावरच्या दूध कट्ट्यापर्यंत एकटे पोचले. तिथं म्हशी उभ्या असतात, डोळ्यांदेखत धार काढून फेसाचा ग्लास हातात देतात. काकांनी उभ्यानं ग्लास संपवला. पोरं त्यांच्या पाठीवर थापा मारत होती. मामा वरनं ओरडले, "ग्लासभर दुधापायी म्हातारं मेलं असतं की!" कुणी हसलं नाही. कुणी वर बघितलंसुद्धा नाही. मग मामांनी मला हाक मारली, "ए, आत ने मला. आणि हळू जरा, म्हशीगत वढतीयास."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. दिवाळीनंतरच्या सोमवारी या, नाहीतर दुसरी बाई घेतो.

मी खुर्ची आत ओढली आणि मामांचं तोंड भिंतीकडं करून टाकलं. गॅलरीचं दार ढकललं. म्हटलं, "आता ह्या पायावर बोला, मामा. बघू किती बोलता ते."

नवरा आल्यावर भडकला. "तू माणूस हाईस का राक्षस?"

"उद्यापासून तुम्ही बसा घरात. मग ठरवू."

तो हात धुऊन जेवायला बसला. मामांनी मात्र घर डोक्यावर घेतलं. माझ्या तोंडात किडे पडतील, मी निर्वंश होईन, काय काय म्हणाले. मग रडले. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी लई बरं वाटलं.

असे काही दिवस गेले. एका दुपारी खाली गल्लीत जोरदार भांडण पेटलं. आवाज येत होते, पण कोण कुणाला बोलतंय ते भिंतीकडं तोंड करून कळत नव्हतं. मामा तळमळायला लागले. "कोण हाय गं? सांग की!" मला खिडकीतनं दिसत होतं. मी पोळ्या लाटत राहिले. मग खुर्ची करकरली. बघते तर मामा डाव्या हातानं कपाट धरून उभे, लटालटा कापत.

"बघत काय उभी ऱ्हायलीयास, धर की!"

"न्हाय धरणार. पायाकडं बघा तुमच्या."

त्यांनी बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बघितलं असेल. पाय फरपटत, कपाट, कॉट, दाराची चौकट धरत, मला, माझ्या आईला आणि सगळ्या माहेराला शिव्या देत ते गॅलरीत पोचले. तोवर भांडण मिटून माणसं घरी गेलेली. मामा हुंदके देत रिकामी गल्ली बघत राहिले. मी राहिलेल्या पोळ्या लाटल्या.

त्या दिवसापासून खुर्ची रोज भिंतीकडं आणि मामा रोज गॅलरीकडं. दिवाळीत ते कॉट धरत धरत संडासला जायला लागले. सोमवारी मी कामावर हजर झाले.

आता सकाळी मी गाडी बाहेर काढली की मामा वरनं अख्ख्या गल्लीला ओरडून सांगतात, "निघाली बघा कैदाशीण! सासऱ्याला भितीकडं त्वांड करून बशीवणारी!" बायका दारात येतात, तोंडाला पदर लावून हसतात. मला राग येतो, अजून येतो. पण माझ्याकडं बोट दाखवायला मामा कठड्यावरचा डावा हात काढतात. तेवढा वेळ ते कशालाही न धरता आपल्या दोन्ही पायांवर उभे असतात. त्यांना ते कळत नाही, आणि मी काही सांगणार नाही.