बिनचिठ्ठीच्या बरण्या

आमच्या घरी मराठी, शेतावर मराठी, पण शाळेत पाऊल टाकलं की उर्दू. गंगापूरकडच्या आमच्या भागात निजामाच्या राज्यात शिकलेल्या माझ्या वयाच्या सगळ्यांचं हेच. पुढं हैदराबादला कॉलेजात मी विज्ञान शिकलो तेही उर्दूतून. तेजाब म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, पण त्याला मराठीत आम्ल म्हणतात हे मी नोकरीला लागल्यावर आठवीच्या पुस्तकात वाचलं.

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. औरंगाबादच्या शाळांतून मराठी माध्यम सुरू झालं होतं आणि मराठी येणारा विज्ञानाचा मास्तर मिळणं अवघड होतं. मला मराठी येत होती आणि विज्ञानही येत होतं. फक्त ती दोन्ही माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होती. शाळेनं तेवढं खोलात न जाता मला घेतलं. मी उस्मानपुऱ्यात एक खोली भाड्यानं घेतली आणि रुजू झालो.

प्रयोगशाळा म्हणजे मागच्या अंगाला एक लांबट खोली, दोन टेबलं आणि एक मोठं काचेचं कपाट. कपाटात तीसेक बरण्या. प्रत्येकीवर पिवळसर कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर काळ्या शाईत इतकं देखणं उर्दू अक्षर की मी पहिल्या दिवशी नुसता बघत राहिलो. ते अक्षर प्रयोगशाळेच्या चाचांचं होतं. चाचा पंचावन्न-साठीचे, बारीक, पांढरी दाढी, डोक्यावर काळी टोपी. बरण्या पुसणं, स्पिरिटचा दिवा भरणं, फुटकी नळी तापवून तिचं तोंड गुळगुळीत करणं, ही त्यांची कामं. शाळा उर्दू होती तेव्हापासून ते तिथं होते. मी सगळ्यांसारखं त्यांना चाचा म्हणायचो आणि ते मला मास्टर साब.

एक दिवस हेडमास्तरांनी मला बोलावलं.

"पाच आठवड्यांनी तपासणी आहे," ते म्हणाले. "बरण्यांवरची नावं मराठीत पाहिजेत. पोरांना वाचता येत नाहीत, साहेबांनाही येणार नाहीत."

"करतो," मी म्हणालो.

"आणि चाचांचं बघावं लागेल. मराठी वाचता येत नाही त्या माणसाला प्रयोगशाळेत कसं ठेवायचं? फाटकावर बसवू त्यांना."

मी मान डोलावून बाहेर आलो. नवीन होतो.

त्याच आठवड्यात चाचा पैठणला लेकीकडं गेले होते. आपण काहीतरी करून दाखवावं असं मला वाटलं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी बरण्या बाहेर काढल्या, आतल्या वस्तूंची नावं ओळीनं कागदावर उतरवली, त्याच ओळीत बरण्या पडवीत मांडल्या आणि गरम पाण्याचं फडकं लावून एकेक चिठ्ठी सोडवली. चिठ्ठ्या पाण्यात भिजून त्यांचा लगदा झाला. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण ओळ पक्की होती. पहिली बरणी पहिलं नाव, दुसरी बरणी दुसरं नाव. मग भूक लागली म्हणून मी खोलीवर जेवायला गेलो.

परत आलो तर पडवी लख्ख झाडलेली आणि रिकामी. शाळेच्या झाडूवाल्या बाई कोपऱ्यात हात पुसत उभ्या होत्या.

"बरण्या कुठं गेल्या?" मी विचारलं.

"कपाटात ठिवल्या की. उन्हात कशापायी ठिवल्या व्हत्या? पुसून ठिवल्यात. चांगल्या उंचीपरमानं लावल्यात."

खरंच लावल्या होत्या. मोठ्या मागं, लहान पुढं, इतक्या सुबक की मला बाईंवर रागावताही येईना. मोरचूद निळा, हिराकस हिरवट, गंधक पिवळा, ही मंडळी ओळखू आली. पण चौदा बरण्यांत पांढरी पूड नाहीतर पांढरे खडे होते आणि माझ्या कागदावर उरलेली नावं होती तेरा, कारण एका चिठ्ठीची शाई आधीच उडाली होती आणि तिच्या जागी मी नुसती रेघ ओढली होती. तेजाबाच्या बाटल्यांना हात लावायची हिंमत मला झाली नव्हती, तेवढंच नशीब. रविवारभर मला जेवण गेलं नाही.

सोमवारी चाचा आले. कपाटापुढं उभे राहिले. एक बरणी हातात घेऊन फिरवून पाहिली.

"ये कौन करा?"

"मी."

"नीचे की पेटी खोले क्या?"

"नाही. कपाटाखालच्या त्या पेटीची किल्ली तुमच्याकडंच असते."

ते स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "उसमें जहर है, मास्टर साब. वो अलग रहा, तो सब ठीक है."

मी ओशाळून म्हणालो, "चाचा, तुम्हाला तर ओळखता येतील?"

"हौ. अंधेरे में बता दूँगा."

"मग सांगा. मी लिहून घेतो."

ते मला नाही म्हणाले. रागानं नाही, विचार करून. "मैं बोला तो आप लिख लेंगे. बच्चे फिर बी नहीं पहचानेंगे. बच्चों कू ढूँडने देव. मैं हूँ इधर. बस, चखने का नक्को."

आठवीच्या वर्गात तीसेक मुलं आणि पाच मुली होत्या. मी त्यांना घडलेलं जसंच्या तसं सांगितलं. मास्तरांकडून चूक झाली हे मास्तरांच्याच तोंडून ऐकल्यावर त्यांचे चेहरे असे खुलले की तेवढा आनंद त्यांना माझ्या कुठल्याच धड्यानं दिला नव्हता. बरण्यांना आकडे दिले. तेरा नावं आणि एक रेघ फळ्यावर लिहिली. इथं पहिली अडचण आली. माझ्याकडची नावं उर्दू होती. नौशादर, शोरा, सुहागा, फिटकरी. पुस्तकात वेगळीच लांबलचक नावं. फिटकरी म्हणजे तुरटी हे मलाही माहीत होतं, पण सुहाग्याला मराठीत काय म्हणतात?

"टाकणखार, सर," सोनाराची मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली. "दागिन्याला डाग देताना, सांधा जोडताना लावतात."

तिथून वर्ग सुरू झाला. नौशादर म्हणजे नवसागर, कल्हईवाला भांड्यात टाकतो तो, हे तर चार जणांनी एकदम सांगितलं. मेंढपाळाच्या घरातला एक उंच मुलगा मागच्या बाकावर बसायचा आणि मी आल्यापासून वर्गात कधी बोलला नव्हता. त्यानं निळ्या बरणीकडं बोट केलं. "ह्यो आमच्याकडं हाय, सर. मेंढरांचे खूर सडले की पान्यात कालवून त्यात उभं करत्यात." मोरचूद पुस्तकात कशाकशासाठी वापरतात ते दिलं होतं. खुरांचं दिलं नव्हतं. मी त्याच्याकडून पुन्हा सगळं विचारून फळ्यावर लिहिलं. पुढच्या दिवशी तो पुढच्या बाकावर येऊन बसला.

मग पंधरा दिवस आम्ही बरण्या सोडवत होतो. मुलं घरून लिंबं आणायची. पुडीवर लिंबू पिळलं आणि फसफसलं तर सोडा, पापडखार नाहीतर खडू. त्यातला पाण्यात विरघळत नाही तो खडू. चुनकळीवर पाणी टाकलं तर वाटी हाताला चटका देई. एका पुडीत ओला चुना कालवल्यावर असा उग्र वास सुटला की पहिल्या दोन बाकांवरच्या मुलांच्या डोळ्यांना पाणी आलं. तो नवसागर. शोरा म्हणजेच सोरा, त्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद पेटवला तर ज्योत न धरता तो तडतडत, ठिणगी सरपटावी तसा जळत गेला, आणि शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत जमली.

चाचा मागं उभे असायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. पण आमचं काही चुकत असलं की त्यांना खोकला यायचा. मुलांना ते माझ्याआधी कळलं.

मोठा घोळ झाला तो तुरटी आणि टाकणखाराचा. सोनाराच्या मुलीनं सांगितलं होतं की टाकणखार तापवला की त्याची लाही फुलते. पत्र्याच्या पळीत एक पूड तापवली, छान लाही फुलली. मी टाळी वाजवून नाव लिहायला सांगितलं. चाचा खोकले. मग दुसऱ्या बरणीतली पूड तापवली, तीही तशीच फुलली. दोन बरण्या, दोन लाह्या. मी पुस्तक चाळलं, काही मिळेना.

"सर, हळद लावून बगू का?" त्या उंच मुलानं विचारलं. "साबन लागला की हळदीचा डाग लाल व्हतो. आईच्या लुगड्याला व्हतो."

मी हो म्हणालो. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवले. एका बरणीच्या पाण्यानं कागद पिवळाच राहिला, दुसरीच्या पाण्यानं विटकरी लाल झाला. लाल करणारा टाकणखार. मी हळूच मागं पाहिलं. चाचा दाढीवरून हात फिरवत होते. खोकला नव्हता. मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. त्याच दिवशी मी पुस्तकातला आम्ल आणि अल्कलीचा धडा शिकवला आणि तो मला पहिल्यांदाच मराठीत नीट समजला.

आता चिठ्ठ्या लिहायच्या. माझं देवनागरी अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. मी चार चिठ्ठ्या लिहिल्या, चाचांनी त्या उचलून पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं.

"मेरे बरणियों पे ये नहीं चिपकेगा," ते म्हणाले. "मेरे कू दिखाव कैसा लिखते. मैं उतार देतूं."

मी पाटीवर तुरटी लिहून दाखवलं. त्यांनी बोरू शाईत बुडवला आणि उजवीकडून सुरुवात केली. आधी टी, मग र, आणि तु लिहायला कागदच उरला नाही. तो कडेला चिमणीएवढा बसला. मी हसलो. चाचांनी कागदाकडं बघितलं, मग तेही हसले, दाढी हलेपर्यंत.

"इधर से जाना क्या तुम्हारे में?"

"हो, इकडून."

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर आम्ही अर्धा तास बसायचो. मी अक्षर दाखवायचो, ते काढायचे. दहा दिवसांत त्यांचं देवनागरी माझ्यापेक्षा सुरेख झालं. वाचायला त्यांना वेळ लागला, पण एकदा म्हणाले, "हेडमास्टर साब मेरे कू फाटक पे बिठाने वाले हैं. मेरे कू मालूम है." मी मान खाली घातली. ते पुढं म्हणाले, "फाटक पे बी बोर्ड रहता. पढना तो पडेगाच." आणि पुन्हा बोरू बुडवला.

चिठ्ठीवर कुठलं नाव लिहायचं यावर मी अडलो होतो. शेवटी घरातलं नाव मोठं आणि पुस्तकातलं खाली बारीक, असं ठरवलं. हेडमास्तरांना ते पसंत नव्हतं, पण तपासणी दोन दिवसांवर आली होती.

साहेब शनिवारी आले. चौदा पांढऱ्यांपैकी तेरा बरण्यांवर नावं होती. चौदावी, यादीत नुसती रेघ असलेली, आम्हाला काही केल्या सुटली नव्हती. पाण्यात नीट विरघळत नव्हती, लिंबानं फसफसत नव्हती, तापवून फुलत नव्हती. तिच्यावर चाचांच्या हातची चिठ्ठी होती, 'अजून कळलं नाही'. साहेबांनी ती मोठ्यानं वाचली. हेडमास्तरांचा चेहरा उतरला.

"म्हणजे काय?" साहेबांनी वर्गाला विचारलं.

सोनाराची मुलगी उभी राहिली. "ती तुरटी नाही, टाकणखार नाही, खडू नाही, सोरा नाही. एवढं कळलं. काय आहे ते नाही कळलं."

"तुला ती तुरटी नाही हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आम्ही बघितलं."

साहेबांनी बरणी उचलून चिठ्ठी जवळून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" सगळा वर्ग मागं वळला. चाचा भिंतीला टेकून उभे होते. साहेबांनी नुसती मान हलवली आणि शेरेबुकात काही लिहिलं. ते गेल्यावर आम्ही वाचलं. चौदाव्या बरणीत काय निघालं ते शाळेनं कळवावं.

ते सोमवारी कळलं. शनिवारच्या गडबडीत त्या बरणीतली पूड कुणीतरी चिनी मातीच्या वाटीत पाण्यात कालवून तशीच ठेवली होती. सोमवारी बघतो तर वाटीत दगड. नखानं निघेना, चाकूनं निघेना. चाचांना आता राहवलं नाही. त्यांनी वाटी टेबलावर उलटी आपटली आणि म्हणाले, "हड्डी टूटी तो दवाखाने में लपेटते ना, वो." प्लास्टर होतं ते. हेडमास्तरांनी तसं रीतसर पत्र पाठवलं आणि फाटकाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही.

दिवाळीच्या सुट्टीला मी गावी निघालो तेव्हा चाचा माझी ट्रंक घेऊन स्टँडपर्यंत आले. मी नको म्हणत होतो. गाड्या लागलेल्या, माणसांची झुंबड. एक म्हातारी गाठोडं कवटाळून ज्याला त्याला विचारत होती, पैठणची गाडी कंची. कुणी लक्ष देत नव्हतं. चाचांनी ट्रंक खाली ठेवली, डोळे बारीक केले आणि समोरच्या गाडीची पाटी डावीकडून उजवीकडं, एकेक अक्षर ओठांत घोळवत वाचली.

"ये नक्को, माँ," ते म्हणाले. "ये गंगापूर है. पैठण वो बाजूवाली."

आणि म्हातारीचं गाठोडं उचलून तिला गाडीपर्यंत पोचवून आले.