काकांची दोन पानं

संगणकाला माणसासारखा मान देणारा एकच गृहस्थ देवासमध्ये होऊन गेला आणि तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. काका कारखान्यात फिटर होते, नोकरीपायी साताऱ्याकडून इकडे आलेले. कुठलंही अडलेलं यंत्र त्यांच्यासमोर निमूट सरळ व्हायचं, पण कीबोर्डला त्यांनी जन्मात बोट लावलं नाही. "आपले हात ग्रीसचे," म्हणायचे. टीव्हीला जोडायचा माझा व्हिडिओ गेम मात्र त्यांना प्रिय होता. मोटारींच्या शर्यतीत ते उतरत आणि डावी बाजू न सोडता, मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट देत, समाधानानं शेवटचे येत. मी वैतागलो की इकडच्या माळवी ढंगात म्हणत, "जाऊ दे ना भिया, आपल्याला कुठं पोचायचंय?"

खरी तऱ्हा दिसायची ती रविवारी. दोन हजार सालच्या आसपास देवीच्या टेकडीखाली नवं सायबर कॅफे निघालं होतं आणि त्यांची एकुलती एक मुलगी, आमची ताई, लग्न करून कॅनडात गेली होती. लग्न काकांच्या मनाविरुद्ध झालं होतं. ते लग्नाला गेले नव्हते, आणि घरात त्यावर कोणी बोलत नसे. पण ताईला मेल धाडायची म्हणजे काका इस्त्रीचा बुशशर्ट घालत, "पोरीकडे जायचंय" म्हणून. चपला कॅफेच्या दाराबाहेर काढून ठेवत. मालक बिचारा सांगून थकला होता, "काकाजी, चप्पल अंदर ले आओ, कोई उठा ले जाएगा." काका हसून अनवाणीच आत येत, आणि शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या दोस्तांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

मग ते खिशातून दोन पानं काढत. वर श्री, खाली 'चिरंजीव सौभाग्यवती', आणि मग बारीक, एकमेकांना चिकटलेल्या अक्षरांत पाठपोट मजकूर. मी हिंदी शाळेत शिकलेला. त्यांचं ते जुन्या वळणाचं मराठी वाचायचं आणि इंग्रजी लिपीत उतरवायचं, हे माझ्या जिवावर येई. शिवाय मला तेव्हा चॅटिंगचं वेड लागलं होतं. इंदूरची कोणी एक मुलगी माझी वाट बघत असे. ती मुलगी होती की नाही, देव जाणे. तर मी काय करायचो, ते आज लिहितानाही लाज वाटते. इंग्रजीत दोन ओळी टाकायचो, इकडे सर्व ठीक आहे, तब्येतीला जप. त्या पाठवून द्यायचो आणि उरलेला तासभर इंदूरशी बोलायचो. मागे स्टुलावर काका मांडीवर हात ठेवून बसलेले असत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. माझी टकटक ऐकून ते खूश होत. एकदा पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघून म्हणाले, "एवढं सगळं मी लिहिलं होतं होय?" मी हो म्हणालो.

निघताना ते पानं फाडून टोपलीत टाकत. गेलेलं पत्र घरात ठेवू नये, अशी त्यांची समजूत होती. ताईचं उत्तरही दोनच ओळींचं येई. काका ते माझ्याकडून तीनदा वाचून घेत आणि म्हणत, "पोरीला काम फार दिसतंय."

काही वर्षांनी काका गेले तेव्हा ताई आली. तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि आम्ही दोघंच बाहेरच्या खोलीत बसलो होतो.

"बाबा बोलायला लागले की थांबायचे नाहीत," ती म्हणाली. "आणि मला मेल कायम दोन ओळींची. त्यांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही रे."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं मी सांगून टाकलं. ते दर रविवारी दोन पानं लिहायचे, त्या दोन ओळी माझ्या होत्या. ती मला बोलेल, कदाचित मारेलही, अशा तयारीनं मी बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ती रागावली नाही. खुर्ची पुढे ओढून, डोळे पुसून, लहान मुलीसारखी विचारू लागली, "काय लिहायचे रे?"

मी आठवायला लागलो. श्री आठवलं. चिरंजीव सौभाग्यवती आठवलं. त्याच्या खालचं मी कधी वाचलंच नव्हतं.