दुर्बिणीची छत्री आणि दत्तूची कानस

आमच्या उद्यमनगरच्या वर्कशॉपात दोन गोष्टींचा ढीग लागतो: लोखंडाचा कीस आणि माणसांचे चाळे. कीस भंगारवाला नेतो. चाळे माझ्याकडं साचतात. त्यात आकाशातल्या दुर्बिणीचं काम आलं. मग काय विचारता!

*

गडहिंग्लजची वैदेही मॅडम बेंगळुरात इंजिनिअर. दुसऱ्या ताऱ्यांभोवती जगण्याजोगे ग्रह शोधायची दुर्बीण तिचा गट डिझाईन करतो. ताऱ्याच्या झगझगाटात शेजारचा ग्रह दिसत नाही, म्हणून मध्ये सूर्यफुलासारखी छत्री धरायची. तिची एक पाकळी नमुना म्हणून आम्ही कापायची. दोन तास समजावलं, मालकांचा चेहरा कोराच!

मी म्हणालो, "मालक, उन्हात डोळ्यावर हात आडवा धरतो, तसं!"

"मग हे आधी सांगायचं की!" मालक मॅडमवरच डाफरले.

मी विचारलं, "छत्री दुर्बिणीपासनं किती लांब?"

"हजारो किलोमीटर, आबा."

"आणि दांडा?"

"दांडा नसतो."

"मालक, दांड्याचं लोखंड वाचलं!"

*

आमचा दत्तू फिटर बिनलग्नाचा म्हातारा. "त्या ग्रहावर जायाला किती येळ लागंल?"

"जायचं नाही, काका. पाणी, हवा आहे का, लांबनंच बघायचं."

"म्हंजी दत्तूसारखंच," मी म्हणालो. "सगळी स्थळं लांबनंच बघितली!"

दत्तूनं कानस उगारली.

*

मालकांचा जीव भिंतीवरच्या फळ्यात: 'अपघाताविना दिवस'. रोज पूजा झाली की स्वतः आकडा वाढवतात. एकदा मी मागं एक शून्य जोडलं. आलेले पावणं म्हणाले, "वा!" मालकांनी मान डोलावली. पुसलं मात्र पावणं गेल्यावर!

*

कापलेल्या पत्र्याची धार कानशीनं मोडल्याशिवाय दत्तू माल सोडत नाही. चाळीस वर्षांत त्याच्या मालानं कुणाचं बोट कापलं नाही. पाकळी झाली, मॅडम चहाला गेली. दत्तूनं मायेनं सगळी कड गुळगुळीत केली!

मॅडम आली, बघितलं आणि स्टुलावर बसलीच. "धार कुठं गेली?"

"मोडली की! हात कापंल तुमचा."

"काका, गोल कडेवर ऊन चमकतं, त्यात ग्रह बुडतो. ब्लेडसारखी धार पाहिजे." तिचा आवाज बारीक झाला. "शनिवारी नमुना नाही दाखवला, तर छत्रीच रद्द. चार वर्षं घातलीत मी."

पत्रा एकच उरलेला. मला पहिल्यांदाच चेष्टा सुचली नाही.

*

दुसरी पाकळी मशीनवर चढली. दत्तूनं सगळ्या कानशी कपाटात कोंडून किल्ली माझ्याकडं दिली. "मी रडलो तरी देऊ नगंस!"

पाचव्या मिनिटाला हात चोळत हजर. "नुसती बघू दे की किल्ली."

सायकलची दिली. बिचारा कपाटाशी झटत बसला!

मालक दारातनं मशीनकडं, मशीनकडनं दाराकडं. मॅडमचा तिसरा चहा गार.

मशीन थांबलं. पाकळीला हात लावायचा नाही, असा हुकूम. म्हणून दत्तूनं पाकळी कापून उरलेला, तशाच धारेचा तुकडा उचलला, डोळे मिटले आणि कडेवरनं अंगठा फिरवला.

टपकन लाल थेंब पडला.

"मॅडम, कापलं!" दत्तू नाचायला लागला. "कापलं की वो!"

मालक फळ्याकडं पळाले. आकडा फडक्यानं पुसला, मोठ्ठं शून्य काढलं आणि ओरडले, "आरं, पेढं आणा कुणीतरी!"