शेंडे खुडणाऱ्या मावशी

मेसवाल्या मावशींना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जेवायच्या त्याही उभ्यानेच, एका हातात ताटली, दुसऱ्यात आमच्यासाठी डाव. मी रोह्याला कंपनीत शिफ्टला होतो, शेजारच्या अष्टमी गावात खोली करून राहायचो आणि त्यांच्याकडे जेवायचो. "मावशी, घटकाभर टेका की," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "टेकले तर उठवील कोन?"

दुसरी खोड कचऱ्याच्या डब्यात डोकावायची. फ्लॉवरचा दांडा, दुधीची साल, काहीही दिसलं की आमची कानउघाडणी व्हायची. "टाकता काय रं? आधी इचारा तरी!" खरं सांगतो, मला ती भुणभुण नकोशी व्हायची.

त्या वर्षी बाबा गेले. पेणला, रामवाडीत, आई एकटी राहिली. जाण्याआधी बाबांनी मागच्या अंगणात लाल भोपळ्याचं बी टोचलं होतं. वेल कुंपणावर चढला, फुलं भरमसाट आली, पण भोपळा एक धरेना. आई दहादा वेलापाशी जाऊन बघायची आणि आत येऊन ताट बाजूला सारायची. दोन घास, बस्स. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. हीसुद्धा हातची जाते की काय, या भीतीने माझं कामात लक्ष लागेना.

एकदा हे मावशींपाशी बोलून गेलो. सुट्टीच्या दिवशी बघतो तर बाई माझ्याआधी स्टँडवर हजर, हातात सोललेल्या वालांचा डबा. "चल, बघू तुजी आय."

घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता त्या मागच्या अंगणात गेल्या आणि वेलाचे शेंडे पटापट खुडायला लागल्या. आई किंचाळलीच, "अहो, काय करताय! ह्यांनी लावलाय तो!"

"मंग त्यांच्या हातचा खा की. भोपळाच कशाला हवा? शेंडं पन खायाचं असतात, गो."

आई रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठून या बाईला घेऊन आलो! मावशी मात्र ओट्यापाशी उभ्या राहून कोवळे देठ सोलत होत्या. "हा दोरा काडायचा. ऱ्हायला तर घशात आडकतो." लसणाची फोडणी, त्यात वाल, वर शेंडे. आईने रागारागातच एक घास घेतला. थोड्या वेळाने तिने भाकरी मागितली. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

खुडल्या जागी वेलाला नवे फाटे फुटले, पुढे भोपळेही धरले. पण त्याआधीच आई पोटभर जेवायला लागली होती.

गेल्या वर्षी मावशी पडल्या आणि कमरेचं हाड मोडलं. आई शेंड्यांची भाजी घेऊन माझ्याबरोबर अष्टमीला आली. मावशींना आडवं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आई उशाशी बसून भरवायला लागली. दोन घास झाले आणि मावशींनी दोन बोटांनी तोंडातून काहीतरी ओढून काढलं.

"दोरा ऱ्हायला, गो," म्हणाल्या, आणि स्वतः सोलायला उठू लागल्या. आम्ही दोघांनी धरून त्यांना निजवलं.

"पुढच्या खेपेला नीट सोलून आणते," आई म्हणाली.

ती खेप आलीच नाही. चार दिवसांत मावशी गेल्या.

आई अजून शेंडे करते. प्रत्येक देठ खिडकीच्या उजेडात धरून दोनदा बघते, उभ्यानेच.